एकाच वेळी वीस जखमी दारात आले तर?



दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते बदलतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि नंदुरबार, धुळे, जळगाव, बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येऊन उतरतात. त्यांत आपले भिल्ल आणि पावरा बांधव पुष्कळ असतात. माळावर कोप्या उभ्या राहतात. पहाटे तीन-चारला ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून ही माणसे फडाकडे निघतात. बायका, पोटाशी धरलेली तान्ही मुले, कोयते, पाण्याचे कॅन, भाकरीची गाठोडी, सगळे एकाच ट्रॉलीत. पंधरा-वीस जण सहज बसतात. ड्रायव्हरची झोप झालेली नसते, ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि रस्त्याच्या कडेला कालव्याचा उतार असतो.

अशी एखादी ट्रॉली उलटली आणि त्यातली सगळी माणसे अर्ध्या तासात एकाच रुग्णालयाच्या दारात आली, तर काय होईल? त्या वेळी रात्रपाळीला एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक मामा आणि एक मावशी असतील. या अंकाचा अभ्यासलेख या प्रश्नावर आहे. मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले आणि आता शिकवते, डॉक्टर नाही. म्हणून शस्त्रक्रियेबद्दल लिहीत नाही. त्या पहिल्या तासात रुग्णालयातल्या माणसांना काय ठाऊक असावे लागते, आणि आपल्या मंडळीने त्यांना कशी साथ द्यावी, एवढेच लिहिते.

सामूहिक आपत्ती म्हणजे किती जखमी, असे मला वर्गात नेहमी विचारतात. त्याला आकडा नाही. पुण्याच्या ससूनसारख्या रुग्णालयाला वीस जखमी म्हणजे एक कठीण रात्र. दोन सिस्टर असलेल्या ग्रामीण रुग्णालयाला सहा गंभीर जखमीही पेलत नाहीत. हातातली माणसे, खाटा, ऑक्सिजन आणि रक्त यांच्यापेक्षा गरज मोठी झाली की ती आपत्ती. आपल्या भागात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, पळसदेव, लोणी देवकर, इंदापूर असा तालुक्याच्या अंगणातून जातो. तुकाराम महाराजांची पालखी दर आषाढात बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी लाखो पावलांनी पुढे सरकते. एका बाजूला उजनीचे पाणी आहे, शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठी सोय झाली. तरी इंदापूरहून बारामती पन्नासेक किलोमीटर आणि पुणे त्याच्या अडीचपट लांब. रक्तस्राव होणाऱ्या माणसाला हे अंतर फार मोठे असते. त्यामुळे पहिली लढाई जवळच्या लहान रुग्णालयालाच लढावी लागते.

भिंतीशी बसलेली बाई

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. तालुका आणि रुग्णालय यांचे नाव घेत नाही, कारण चूक माझीही होती. ऊसतोडणीची ट्रॉली उलटून रात्री तेवीस जण आमच्याकडे आले. पहिली जीप आली तेव्हा तिच्यातून उतरलेले सगळे चालत आत आले. कोणाचा हात मोडलेला, कोणाच्या कपाळातून रक्त येत होते. आम्ही चौघांनी लगेच त्यांना खाटांवर घेतले, टाके घालायला बसलो, केसपेपर काढू लागलो. वीस मिनिटांनी टेम्पोतून खरे गंभीर जखमी आले, तेव्हा एकही खाट रिकामी नव्हती आणि टाक्यांचे सामान संपत आले होते. पुढे नुसता गोंधळ. जो मोठ्याने ओरडत होता त्याच्याकडे आम्ही धावत होतो. मुकादम ज्याचे नाव घेत होता त्याला आधी सलाईन लागत होते.

एक भिल्ल बाई पहिल्या जीपमधून स्वतःच्या पायांनी चालत आली होती. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. अंगावर जखम नव्हती. कोणी काही विचारले तर ती तिच्या बोलीत दोन शब्द बोले, ते आम्हाला कळत नसत. मी हातात ड्रेसिंगचा ट्रे घेऊन तिच्यासमोरून दोनदा गेले. दुसऱ्यांदा ती घामाने भिजलेली होती, हे मी पाहिले आणि पुढे गेले, कारण आत एक माणूस किंचाळत होता. पहाटे मावशीने तिला पाणी द्यायला हलवले तेव्हा नाडी लागत नव्हती. पोटात पाणथरी फुटली होती. बाहेर थेंबभर रक्त न येता ती आतल्या आत रक्तस्रावाने गेली.

तिला सुरुवातीला बाजूला बसवले, हे चूक नव्हते. चालत येणारा माणूस आधी बाजूलाच बसवायचा असतो. पण बाजूला बसवलेल्यांकडे दर काही मिनिटांनी कोणीतरी पुन्हा जायला हवे होते, नाडी पाहायला हवी होती. तो ‘कोणीतरी’ आम्ही नेमलाच नव्हता.

चार रंग

जखमींची वर्गवारी करण्याची कल्पना नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दोमिनिक लारे याच्या नावाशी जोडली जाते. सरदार असो की साधा शिपाई, ज्याची जखम जास्त धोक्याची त्याला आधी उचलायचे, हा त्याचा दंडक होता. दोनशे वर्षे झाली. आमच्या व्हरांड्यात त्या रात्री मुकादमाचा शब्द चालला, म्हणजे लारेचा धडा अजून आमच्यापर्यंत पोहोचायचा होता.

आज जगभर चार रंग वापरतात. लाल म्हणजे आत्ता हात लावला तर वाचेल, थांबलो तर जाईल. पिवळा म्हणजे गंभीर आहे पण तासभर धीर धरू शकेल. हिरवा म्हणजे चालता येते, थांबू शकतो. काळा म्हणजे मृत, किंवा आपल्या हाती असलेल्या साधनांनी न वाचणारा. रंगीत चिठ्ठ्या नसल्या तर रंगीत चिंध्या मनगटाला बांधल्या तरी चालते. आमच्या एका प्रशिक्षणात महिला मंडळाने जुन्या साड्यांच्या पट्ट्या फाडून दिल्या होत्या, त्या छापील चिठ्ठ्यांपेक्षा लांबून जास्त दिसल्या.

हा रंग ठरवायला प्रत्येक जखमीमागे अर्धा-एक मिनिट मिळते. त्यासाठी एक सोपी रीत आहे, ती नर्सिंगच्या मुलींकडून मी पाठ करून घेते. आधी मोठ्याने हाक द्यायची, ‘ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली जा.’ जे गेले ते हिरवे. उरलेल्यांतला पहिला गाठायचा. श्वास नाही? हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरी श्वास नाही तर काळा. श्वास सुरू झाला तर लाल. श्वास आहे पण मिनिटाला तीसपेक्षा जास्त, तर लाल. मनगटाची नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, तर लाल. ‘डोळे मिटा’, ‘हात दाबा’ असे सांगितलेले करत नाही, तरी लाल. एवढे सगळे ठीक असेल तर पिवळा. वाटेत फक्त दोन गोष्टींसाठी थांबायचे. श्वासमार्ग मोकळा करायचा आणि वाहते रक्त दाबून धरायचे. टाके, प्लास्टर, केसपेपर, सगळे नंतर.

लहान मुलांचे गणित वेगळे. त्यांचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून तीसचा आकडा त्यांना लावायचा नाही. मिनिटाला पंचेचाळीसच्या वर किंवा पंधराच्या खाली गेला तर लाल. आणि श्वास बंद पण नाडी चालू असलेल्या मुलाला काळा रंग देण्याआधी पाच वेळा कृत्रिम श्वास देऊन पाहायचा, कारण मुलांचे हृदय बहुधा श्वास अडल्यामुळेच थांबते.

काळ्या रंगाशी येऊन प्रत्येक वर्ग अडतो. दरवर्षी एखादी विद्यार्थिनी उठून विचारते, ‘सिस्टर, जिवंत माणसाला काळा रंग कसा बांधायचा? तो तर देवाचा अधिकार.’ मी तिला खोटे समाधान देत नाही. एकाच डॉक्टरने एका न वाचणाऱ्या माणसावर चाळीस मिनिटे घातली, तर दाराशी पडलेले तीन वाचू शकणारे जातात. नेहमीच्या दिवशी आपण एका रुग्णासाठी सर्व काही करतो. त्या दिवशी उरलेल्या सर्वांचाही विचार करावा लागतो. पण काळा रंग म्हणजे टाकून देणे नव्हे. त्यांच्यापाशी बसायला, वेदनेचे इंजेक्शन द्यायला, हात धरायला माणूस नेमायचा असतो, आणि मनुष्यबळ मोकळे झाले की त्यांना पुन्हा तपासायचे असते. आपल्या पाळकसाहेबांना रुग्णालयात जागा असेल तर ती इथे आहे.

जखमी कोणत्या क्रमाने येतात

रुग्णवाहिका येतील, त्या गंभीर जखमींना आधी आणतील, असे आपण धरून चालतो. तसे घडत नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सातशेहून अधिक जखमी झाले. रुळांशेजारच्या वस्तीतल्या लोकांनी घरातल्या चादरी आणून त्यांत जखमींना उचलले आणि टॅक्सी, रिक्षा, टेम्पो मिळेल त्या गाडीने रुग्णालयात पोहोचवले. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तिच्या गाडीत डॉक्टर असतो, आणि ती बोलवायलाच हवी. तरीही ट्रॉली उलटल्यावर पहिला फेरा गावातल्या जीपचाच असणार, आणि जीपमध्ये आधी चढतात ते चालू शकणारे. म्हणजे रुग्णालयात हिरवे आधी येतात आणि लाल मागाहून. आमच्या त्या रात्री नेमके हेच झाले.

यावर उपाय इमारतीत लागतो. वर्गवारी अपघात विभागात नव्हे, फाटकापाशी करायची. तिथे अनुभवी माणूस उभा करायचा, आणि त्याने स्वतः उपचार करायचे नाहीत. हिरव्यांना आत न घेता वेगळ्या जागी, बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात किंवा आवारातल्या झाडाखाली, एका सिस्टरच्या नजरेखाली बसवायचे. आत जायचे दार एक, बाहेर निघायचे दुसरे. रात्री दोनला हे ठरवत बसता येत नाही. कागदावर आधीच लिहून भिंतीला लावलेले हवे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ऑक्टोबर २००७ मध्येच या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत रुग्णालयांनी स्वतःची योजना तयार करावी असे आहे. योजना पुष्कळ ठिकाणी असतेही. ती मेट्रनच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली मेट्रनबरोबर घरी जाते.

प्रार्थनामंदिरातला ऑक्सिजन

टोकियोत सेंट ल्यूक्स नावाचे जुने मिशन रुग्णालय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका मिशनरी डॉक्टरने ते सुरू केले. त्याचे प्रमुख डॉ. शिगेआकी हिनोहारा यांनी दुसऱ्या महायुद्धात टोकियोवर बॉम्ब पडले तेव्हा जागेअभावी जखमींना नीट ठेवता आले नाही, हे पाहिले होते. १९९२ च्या सुमारास रुग्णालयाची नवी इमारत झाली, तेव्हा त्यांनी मार्गिका रुंद ठेवल्या आणि मार्गिकांच्या व प्रार्थनामंदिराच्या भिंतींतही ऑक्सिजनच्या नळ्या टाकून घेतल्या. लोकांनी उधळपट्टी म्हणून नावे ठेवली. प्रार्थनामंदिरात ऑक्सिजन कशाला?

२० मार्च १९९५ च्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सारिन हा विषारी वायू सोडला. पहिल्याच दिवशी सेंट ल्यूक्समध्ये ६४० रुग्ण आले. हिनोहारांनी बाह्यरुग्ण विभाग बंद केला, येईल त्याला आत घ्यायला सांगितले, आणि मार्गिका व प्रार्थनामंदिर रुग्णांनी भरले. त्या ‘उधळपट्टी’ने त्या दिवशी माणसे सांभाळली.

एवढे सांगून थांबले तर ती छान गोष्ट होईल, पण अभ्यास अर्धा राहील. त्याच दिवशी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांपैकीही पुष्कळांचे डोळे चुरचुरू लागले, डोके दुखू लागले, श्वास अडखळू लागला. रुग्णांच्या कपड्यांत वायू मुरलेला होता आणि कपडे न काढताच त्यांना आत घेतले गेले. सर्वांत जास्त त्रास प्रार्थनामंदिरात काम करणाऱ्यांना झाला, कारण तिथे हवा खेळती नव्हती. नळ्या होत्या, खिडक्यांचा विचार राहिला होता.

आपल्याकडे सारिन नसेल, पण अमोनिया आहे. दूध थंड करणाऱ्या डेअऱ्यांत आणि शीतगृहांत तो वापरतात. गळती झाली आणि कामगार थेट वॉर्डात आणले तर सिस्टरही आजारी पडतील. अशा वेळी रुग्णालयाच्या बाहेरच कपडे काढून, भरपूर वाहत्या पाण्याने अंग आणि डोळे किमान पंधरा मिनिटे धुऊन, मग आत. त्यासाठी आवारात नळ, लांब पाइप, आणि बायकांसाठी आडोसा हवा. आडोसा नसेल तर आपल्या बायका मरणाच्या दारातही कपडे काढत नाहीत. यात त्यांचा दोष नाही. चार बांबू आणि दोन ताडपत्र्या एवढाच खर्च आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या डॉक्टरांना वायू कोणता हेही वेळेवर कळले नव्हते, म्हणून आपल्या टापूतल्या कारखान्यांत काय साठवलेले आहे त्याची यादी रुग्णालयाने आधीच मागून ठेवावी.

ज्यांच्यासाठी खाट लागत नाही

काही आपत्तींत अपघात विभाग जवळजवळ रिकामा राहतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. एक जण पोहून काठाला आला, सहा जण गेले, त्यांत लहान मुले होती. मृतदेह हाती यायला दोन दिवस लागले. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले माळीण हे महादेव कोळी बांधवांचे गाव डोंगराखाली गेले, १५१ जण मरण पावले आणि जिवंत निघाले ते मोजकेच. अशा वेळी वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे काम उरते ते मृतांना ओळखण्याचे, शवविच्छेदनाचे आणि काठावर किंवा आवारात बसून राहिलेल्या नातलगांचे. त्या कामाचे प्रशिक्षण कोणी देत नाही. कोणत्या शब्दांत सांगायचे, कुठे बसवायचे, ओळख पटवायला एका वेळी किती जणांना आत न्यायचे, सगळे अंदाजाने चालते.

इर्शाळवाडीने आणखी एक गोष्ट शिकवली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता घोषित झाले. मुलांपैकी काही आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. कोण वाडीत होते, कोण कामाला गेले होते, कोण शाळेत होते, हे जुळवणे हेच मोठे काम झाले. ऊसतोड टोळीचेही तसेच असते. तिची पूर्ण यादी एकाच ठिकाणी असते, मुकादमाच्या वहीत. ती वही अपघाताच्या रात्री सोन्याच्या मोलाची ठरते. रुग्णालयाने तिची मागणी पहिल्या अर्ध्या तासात केली पाहिजे, आणि आलेल्या प्रत्येक माणसाला नाव कळो न कळो, क्रमांक दिला पाहिजे. मनगटाच्या चिठ्ठीवर क्रमांक, तोच केसपेपरवर, तोच रक्ताच्या नमुन्यावर. ‘अनोळखी स्त्री’ अशा तीन बाया एकाच वॉर्डात असल्या की एकीचे रक्त दुसरीला चढण्याचा धोका असतो.

आदिवासी रुग्ण आणि रात्रपाळी

भिंतीशी बसलेल्या त्या बाईकडे परत येते. तिचे एक मूल आठ महिन्यांचे होते. ते तिच्याबरोबर नव्हते. सहा वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात देऊन ती कोपीतून निघाली होती. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळले, शेजारच्या टोळीतल्या कोणीतरी सांगितले तेव्हा. तोवर त्या सहा वर्षांच्या मुलीने बाळाला साखरपाणी पाजले होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रशिक्षणात एक प्रश्न ठरलेला आहे. जखमी ऊसतोड कामगार शुद्धीवर असेल तर नाव आणि गाव विचारल्यानंतर तिसरा प्रश्न: ‘कोपीत मागे कोण आहे?’

दुसरे, भाषा. भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला ‘कुठे दुखते’ एवढेही मराठीत नीट कळत नसेल, त्यात ती घाबरलेली असते. गप्प बसणारा रुग्ण बरा आहे असे आपल्याला वाटते. रक्त आतून वाहणारा माणूसही गप्प गप्पच होत जातो. भाषा येत नसेल तर बोटांनी नाडी बोलते. म्हणून गप्प असलेल्याची नाडी आधी बघा, असे मी मुलींना सांगते. टोळीतल्याच एखाद्या हिरव्या जखमीला, ज्याला दोन्ही भाषा येतात, दुभाषा म्हणून सिस्टरबरोबर फिरवता येते.

तिसरे, सिकलसेल. नंदुरबार, धुळ्याकडच्या भिल्ल-पावरा समाजात हा रक्ताचा आनुवंशिक विकार बऱ्यापैकी आढळतो, तर पश्चिम महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना तो रोजच्या कामात क्वचित भेटतो. अशा रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची कमतरता फार बाधते; साध्या अपघातानंतर तो तीव्र वेदनेच्या झटक्यात जाऊ शकतो. पांघरूण, पाणी, ऑक्सिजन, या साध्या गोष्टी त्याच्यासाठी औषधाइतक्या महत्त्वाच्या. गावाकडे तपासणी होऊन कार्ड मिळालेले असेल तर ते कोपीत गाठोड्यात असते. ते खिशात किंवा कोयत्याच्या पिशवीत ठेवायला आपल्या कार्यकर्त्यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगावे.

आणि चौथे, भीती. ‘पैसे नाहीत, कागद नाहीत, पोलीस विचारतील’ म्हणून जखमी माणसे कोपीत परत जातात. पारधी कुटुंबांना तर पोलिसांचे नाव काढताच रुग्णालयाची पायरी नको होते, आणि त्यामागे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासूनचा इतिहास आहे. त्यांना ठामपणे सांगा की सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात निर्णय दिला आहे: जखमीवर तातडीचे उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. आणि जखमीला आणणाऱ्या माणसाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १३४-अ ने, संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. चांगल्या शोमरोन्याचे नाव इंग्रजीत त्या तरतुदीला दिलेले आहे, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. मला मात्र त्या दाखल्यात नेहमी उतारशाळेचा मालक आठवतो. रात्रीअपरात्री रक्ताने माखलेला परका माणूस दारात आला, तेव्हा त्याच्याकडे रिकामी खोली होती, आणि खर्चाचा हिशेब नंतर करण्याची तयारी होती.

सराव आणि मंडळी

योजना पाठ होत नाही, हातात बसते. वर्षातून दोनदा तरी सराव हवा, आणि त्यातला एक रात्रपाळीच्या माणसांबरोबर, कारण आपत्ती बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. सगळे रुग्णालय थांबवायची गरज नाही. टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या मांडून, ‘फाटकावर अकरा जण आले, दोन सिस्टर आहेत, कोण कुठे जाईल?’ असे तासभर खेळले तरी खूप उणिवा दिसतात. एका सरावात आम्हाला कळले की ऑक्सिजनच्या मोठ्या सिलिंडरची चावी एकच आहे आणि ती ज्याच्या खिशात असते तो रात्री आठला घरी जातो. दुसऱ्या सरावात कळले की कर्मचाऱ्यांना बोलावण्याच्या यादीतले निम्मे फोन नंबर जुने आहेत. चावीला भोक पाडून ती दोरीने भिंतीला बांधली. यादी दर तिमाहीला मावशी तपासते, आणि ती आमच्यापेक्षा काटेकोर आहे.

इथे आपल्या मंडळीचे तरुण कामाला येतात. सरावासाठी खोटे जखमी लागतात. रविवारच्या भक्तीनंतर तरुण संघातली वीस मुले दोन तास दिली, कपाळाला कुंकवाचे पाणी लावले, चार जणांना ‘तुम्ही गप्प बसा, मराठी येत नाही असे दाखवा’ सांगितले, की सिस्टर आणि डॉक्टरांचा खरा कस लागतो. मागच्या वेळी गप्प बसवलेल्या चारपैकी तिघांना कोणी तपासलेच नाही. सराव संपल्यावर त्या मुलांनी ते सांगितले, तेव्हा वॉर्डात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

रक्ताबद्दल एक विनंती. अपघाताची बातमी आली की आपण सगळे एकाच दिवशी रक्तपेढीत जातो. लाल रक्तपेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाच दिवस. एका दिवशी आलेल्या शंभर पिशव्यांतल्या काही वाया जातात आणि पुढच्या महिन्यात पेढी रिकामी असते. ऊस हंगामाच्या सहा महिन्यांत दर महिन्याला मंडळीतल्या आठ-दहा जणांनी आळीपाळीने रक्त द्यावे, आणि दात्यांची रक्तगटासह यादी पेढीत ठेवावी. त्या रात्री फोन येईपर्यंत घरीच थांबावे. रुग्णालयाच्या आवारात गर्दी करून प्रार्थना करण्यापेक्षा ती चर्चमध्ये करावी, कारण आवारात रुग्णवाहिकेला वळायला जागा लागते.

ज्यांच्याकडे जीप किंवा पिकअप आहे, त्यांनी रक्त दाबून धरायला शिकून घ्यावे. स्वच्छ फडका, दोन्ही तळहात, पूर्ण भार, आणि मध्ये उचलून बघायचे नाही. एवढे एकच कौशल्य आलेला ड्रायव्हर इंदापूरहून बारामतीपर्यंतच्या पन्नास किलोमीटरमध्ये माणूस वाचवू शकतो, अर्थात दाबणारा दुसरा असला पाहिजे आणि ड्रायव्हरने गाडीच चालवली पाहिजे.

गटात बोलण्यासाठी

पुढच्या गटसभेत हा लेख वाचून झाल्यावर काही गोष्टी एकमेकांना विचाराव्यात. आपल्या गावाजवळ यंदा किती कोप्या पडल्या आहेत आणि त्यांच्या मुकादमाचा फोन कोणाकडे आहे? आपल्यात भिल्ली, पावरी किंवा पारधी बोली कोणाला येते, आणि रात्री दोनला उठून यायला तो तयार आहे का? सर्वांत जवळच्या रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना भेटून ‘सराव कधी करता, आम्ही जखमी व्हायला येऊ का?’ असे कोण विचारील? आणि कोप्यांत मागे राहिलेल्या मुलांकडे त्या रात्री दूध घेऊन जाणारी दोन माणसे कोण, त्यांची नावे याच सभेत वहीत लिहून घ्यावीत.